एक घटका

डेमिंगच्या धावपट्टीवर पहाटे साडेपाचला
मी पंखाच्या टोकाशी भिंग घेऊन उभा असतो.
दोन तारा, मधे एक मीटर,
केसाच्या विसाव्या हिश्श्याइतक्या बारीक.
बोट लावायचं नाही, शिंकायचं नाही,
मनात वाईट आणायचं नाही, असं डेल्फिना म्हणते.
विमान तिचं आहे.

तारांना एवढंच कळतं :
इथली हवा आणि दोन हात पलीकडची हवा
यांच्यात किती अंशांचा वाद आहे.
त्या वादाचा वर्ग, त्याची सरासरी,
मग कितीतरी शून्यांनंतर एक आकडा,
एकक : मीटरचा उणे दोन-तृतीयांश घात.
आईने फोनवर विचारलं, म्हणजे नेमकं काय मोजतोस?
म्हटलं, लांबचा दिवा किती थरथरतो ते.
ती म्हणाली, मग दिव्याजवळ जा की.

दुपारी वाळवंटाचा तवा होतो.
झुडपांवरून शंभर फुटांवर आम्ही, दातांवर दात,
समोरचे डोंगर पायथा सोडून तरंगतात,
पडद्यावरची रेघ पिसाळते.
हवेची प्रकृती तोळामासा
आणि आम्ही नाडी बघायला निघालेलो
ताशी सव्वाशे मैलांनी.

पण सूर्य उगवल्यावर, तासाभराच्या आत,
एक वेळ येते.
जमिनीचं रात्रीचं देणं फिटलेलं,
दिवसाचं घेणं अजून सुरू नाही.
माती आणि हवा एकाच अंशावर.
रेघ आडवी पडते.
पाच मैलांवरचा आमचा दिवा
भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखा.
फार तर एक घटका.

या वेळी डेल्फिना गप्प असते. आज बोलली.
बाप याच शेतांवर फवारणी करायचा, मिरचीवर.
आधी कुंपणाशी एक सिगारेट,
धूर फाटला नाही की उड्डाण.
वहीत वेळा आहेत, पेन्सिलीने, चौतीस उन्हाळ्यांच्या.
मी जूनचं पान मागितलं.
सहा बावन्न. सहा पंचावन्न. एकदा सात, पुढे ‘ढग’.
माझ्या तारा म्हणतात सहा चोपन्न.

खोकून खोकून गेला, ती म्हणाली.
फवाऱ्याने का सिगारेटने,
ते कुणी मोजलं नाही.

चौथ्या फेरीत डावी तार तुटली.
उतरल्यावर भिंगाखाली
थोडी पिवळी भुकटी.
अहवालाच्या त्या रकान्यात शून्य चालत नाही,
शून्य म्हणजे शांत हवा.
मी लिहिलं : पाखरू.