मपली कॉपी

सिनेमाचं नाव जाऊ द्या.
सेलूत आला तोवर त्याला वर्ष उलटलं होतं.
नांदेड, परभणी, मानवत फिरून
अंगभर ओरखडे घेऊन आलेली पेटी,
तिच्यात गंजके चौदा डबे,
आणि झाकणावर खडूनं एकच शब्द: कॉपी.

(कॉपी म्हणजे आमच्याकडं तशी मार्चातली गोष्ट,
दहावीच्या खिडकीला लटकून मामानं भाच्याला द्यायची.
ही दुसरी.)

कॉपी एक, टॉकिजा दोन.
शालिमारला सहाचा खेळ, जनताला पावणेसातचा.
मधल्या रस्त्यावर मी आणि अन्सार,
बोराशेठच्या दोन सायकली,
कॅरियरला ट्यूबनं आवळलेला डबा,
मशीनवरून उतरलेला, अजून गरम.

त्या शनिवारी फाटक पडलं.
काचीगुडा पॅसेंजर सिग्नलला उभी राहिली ती राहिलीच.
मी अलीकडं, अकरावं रीळ घेऊन,
गेटमनला मामा म्हणतोय, काका म्हणतोय,
अन् मागून निघालेला अन्सार
सायकल खांद्यावर, डबा डोक्यावर घेऊन
मोरीतून पलीकडं गेला
बारावं रीळ घेऊन.

जनतात अंधार. खुर्च्या वाजत होत्या.
मोईनचाचांनी डब्यावरचा आकडा बघितला,
झरोक्यातून पब्लिक बघितलं,
आणि बारावं चढवलं.

हिरो मेला.
आई रडली, सरण पेटलं,
पडद्यावर नुसता जाळ.
तेवढ्यात मी पोचलो, धापा टाकत.
चाचा म्हणाले, लगा देते, पैसे तो इसके भी लिये ना.

आणि जाळातून थेट
पिवळा शर्ट घालून हिरो उंबऱ्यात बसलेला,
आईच्या चष्म्याची तुटकी काडी दोऱ्यानं बांधतोय.
बांधून झाल्यावर काचेवर फुंकर मारतो.
लाव बघू, म्हणतो.

आधी कुणी श्वास घेतला नाही.
मग चिल्लर उडाली पडद्यावर,
चार आणे, आठ आणे, कुणाचं तरी पागोटं.

दुसऱ्या दिवशी चाचांनी अकरानंतर बारा लावलं, शिस्तीत.
लोक उठून उभे राहिले, कालचा दाखवा!
तीन आठवडे कालचाच दाखवला.

सरूबाई चारदा आली.
मोंढ्यात धान्य चाळायची ती,
तिचा थोरला आदल्या साली
विहिरीच्या खोदकामात सुरुंगानं गेलेला.
परभणीहून आलेल्या पाव्हण्यानं सांगितलं,
मावशी, मेला तो, मी डोळ्यानं बघितलं.
तर म्हणाली,
परभनीत मेला आसंल.
मपल्या सेलूत न्हाई मेला.

चाचा हसायचे. सांगायचे,
हा तेलुगूवरून उचललेला,
तेलुगूवाल्यानं आणखी कुणाचा,
त्यानं म्हणे समुद्रापलीकडचा.
असली कुठला, विचारलं की
विडी पेटवून रुळाकडं बघत बसायचे.

आता तोच पुन्हा आलाय.
संभाजीनगरच्या मॉलात, तिसऱ्या मजल्यावर,
दोनशे कोटींचा,
ओरखडा म्हणून नाही कुठं.
पिवळा शर्ट तोच, जुनंच गाणं ढोल घालून,
राखेचा कण न् कण मोजून घ्यावा असा.
चष्म्याची काडी आली, जिथं यायची तिथंच आली,
फुंकर कानाच्या चारी बाजूंनी ऐकू आली.
मग तो मेला.
सरण पेटलं.

मी खुर्चीचे दोन्ही हात
हँडलासारखे धरून बसलो.
नावं चढत राहिली, हजारेक माणसं,
कथा म्हणून तिघांची,
ज्यानं पहिल्यांदा लिहिली त्याचं काही दिसलं नाही.
दिवे लागले.
झाडूवाला शेवटच्या रांगेत पॉपकॉर्न लोटत होता.

धाकटी म्हणाली, संपला बाबा. उठा ना.
मी म्हणालो, थांब जरा.
एक डबा यायचाय अजून.