एरंडेल

बुधवार बाजारात, सक्करदऱ्याला,
मिक्सरची भांडी आणि मुक्या टेलिफोनांच्या ढिगात
ती पालथी पडली होती, चारी चाकं वर.
कबाड्यानं तराजूत टाकली. दीड किलो.
रिमोटचे पैसे वेगळे.
"चालते का?"
"चालत असती त इथं आली असती का, ताई?"

मला गाड्यांतलं काही कळत नाही.
मी वीजबिलाच्या खिडकीत बसते,
सुटे मागते, शिक्का मारते.
स्कूटीत हवासुद्धा नेहमी दुसराच कोणी भरतो.

घरी येऊन दोरी ओढली. दोरी हलेना.
आत कुणीतरी दातखीळ बसल्यासारखं.

रेवनाथ पराते. लुनाचे मिस्त्री.
लुना संपल्या, मिस्त्री उरले.
पेरूएवढं इंजिन त्यांनी तळहातावर घेतलं,
नाकाशी नेलं.
"एरंडेल आहे बाप्पा याच्यात.
वाळलं का डिंक होते.
ठोकू नका. ठोकलं का मेलं."
मग प्लग काढून बराच वेळ उलटासुलटा पाहत राहिले.
"अन् याले वायर काहून नाही?"
ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

एरंडेल म्हटलं की माझं नाक आपोआप दाबलं जातं.
परीक्षा संपल्याचा रविवार, चहात चमचा,
आणि आई दाराशी, कडी लावून.

मे महिना. शेहेचाळीस.
गच्चीतल्या टिनावर इंजिन ठेवलं काळ्या फडक्यात बांधून,
सासूबाईंच्या मुगवड्यांच्या रांगेत, शेवटचं.
"घरात लहान पोरगं कोण आहे आता?" त्या म्हणाल्या.
मी म्हटलं, वड्यांना लागत नाही ते.
तीन दुपारी ऊन, तीन संध्याकाळी
भोकातून दोन दोन थेंब डिझेल.
चौथ्या दिवशी चाकी फडक्यानं धरली
आणि ती फिरली.
केसभर.
मागे घेतली. पुन्हा केसभर.
कुणाला हाक मारली नाही मी.
वड्या गोळा केल्या आणि खाली आले.

मग दात घासायचा ब्रश, रॉकेल, बशीत मोजून ठेवलेले स्क्रू
(दोन जास्त निघाले, अजून कळलं नाही कुठले).
टाकीच्या झाकणाला सायकलच्या ट्यूबची चकती.
गिअरचे दात सत्तेचाळीस; अठ्ठेचाळिसावा तुटलेला.
आणि चिखल खरवडल्यावर, पोटाखाली, खिळ्यानं कोरलेलं :
बबल्या हात लावू नको.

म्हणजे बबल्या आता माझ्याएवढा असेल.
म्हणजे लावलाच कुणीतरी हात.

इंधन दिलं ढवंगळे सरांनी,
एनसीसीच्या पोरांची विमानं उडवायचे ते, एके काळी.
अर्धी बाटली, गुलाबी, सरबतासारखी.
त्यांनीच सांगितलं, प्लगमध्ये तार असते बारीक,
बॅटरीनं एकदाच लाल करायची.
मग बॅटरी काढून घ्या. इंजिन चालू आहे तोवर
तार स्वतःच्याच धगीवर लाल राहते.
मी स्कूटी थेट परात्यांकडे घातली.
त्यांनी खर्रा या गालातून त्या गालात नेला.
"मंग बंद कसं करायचं?"

हे विचारायचं राहिलंच होतं.

हनुमाननगरचं मैदान, सकाळचे सहा.
एकवीस वेळा दोरी. बाविसाव्याला
ती किंचाळली, पांढरा धूर सोडला, आणि
मी ब्रेक दाबला तशी सुसाट सुटली.
तार उलटी जोडली होती मी.
क्रिकेटची पोट्टी स्टंप सोडून पळाली,
परात्ये तिच्यामागे, त्यांच्यामागे मी, एका चपलेत,
आणि सगळ्या मैदानावर तो चमच्याचा वास.
वाळूच्या ढिगात ती घुसली, तरी ओरडतच होती.
धुराड्याच्या तोंडावर मी अंगठा दाबला.

गप्प झाली.
परात्ये वाकून धापा टाकत होते की हसत होते, कळेना.
"अठ्ठेचाळिसावा दात," ते म्हणाले, "मी घालून देतो."

सोमवारी खिडकीत
फोडाच्या अंगठ्यानं शिक्का धरवेना.
डाव्या हातानं मारले, सगळे तिरपे.
कुणी तक्रार केली नाही.