अतिरिक्त कार्यभार

दुपारी दीडपर्यंत मी कसबा बावड्यात प्राचार्य,
दोननंतर कळंब्याच्या रस्त्यावर प्रभारी.
मधे दसरा चौकाचा सिग्नल.
तिथे नव्वद सेकंद मी कुणाचीच नसते.

पर्समध्ये दोन शिक्के.
एकदा बावड्याचा उमटला
कळंब्याच्या बोनाफाईडवर.
पोरगी एस.टी.च्या पासखिडकीवरून परत आली,
म्हणाली, मॅडम, मी नेमकी कुठं शिकते?

सोमवारी कळंब्याहून पत्र लिहिलं:
प्रात्यक्षिक परीक्षेसाठी सहा सूक्ष्मदर्शक
तीन दिवसांकरिता मिळावेत, ही विनंती.
हिरवी शाई. जावक क्रमांक एकशे बारा.

बुधवारी बावड्यात
तेच पत्र आवकच्या ट्रेमधून समोर आलं.
वाचलं. भाषा जरा उद्धट वाटली.
शेरा मारला: आमच्याच परीक्षा तोंडावर आहेत,
तूर्त शक्य नाही.
सही तीच, खालचं पद तेवढं वेगळं.

कळंब्याचे हेडक्लार्क सासने
नकार हातात घेऊन उभे.
"बावड्याची माणसं पयल्यापास्नं अशीच बगा.
स्मरणपत्र काढू काय?"
म्हटलं, काढा. जरा कडक.

आज दीड वाजता
ज्ञानू शिपायाला कपाट उघडायला लावलं.
चौदा सूक्ष्मदर्शक, त्यातले चार बंद.
सहा जुन्या पडद्यात गुंडाळले,
मागच्या सीटवर ठेवून पट्टा लावला.
नोंदवहीत देणाऱ्याच्या रकान्यात सही केली,
मग घेणाऱ्याच्या.
ज्ञानू बघत राहिला, बोलला नाही.

सिग्नलला मागे भिंगं हलकेच किणकिणली.

स्मरणपत्र उद्याच्या टपालात येईल.
त्याला काय उत्तर द्यावं,
अजून ठरत नाही.