जीव सुताचा

मिरज स्टेशनवरून तो चालत आला,
वाटेतल्या प्रत्येक लोखंडी शटरला नखानं टिचकी मारत.
एमरिक स्युरेल. वय चौसष्ट. डाव्या कानानं अधू.
सतारमेकर गल्लीनं दुसऱ्याच दिवशी त्याचा सुरेल केला,
आणि अर्थ कळल्यावर तो खोकला लागेपर्यंत हसला,
कारण आयुष्यभर त्यानं तेवढं एकच टाळलं होतं.

अब्बा जवारी काढत होते.
घोडीवर कानस, कानशीवर फुंकर,
तार उचलायची, पुसायची, परत ठेवायची.
घासल्याचा आवाज आम्ही गिऱ्हाइकाला ऐकवत नाही.
हा मात्र मायक्रोफोन कानशीला टेकवून बसला.
अब्बा म्हणाले, तंबोरा झाला की बोलाव याला.
मी तोडक्या इंग्रजीत सांगितलं.
तो म्हणाला, झाल्यावर माझं काय काम?

चहाच्या वेळी थोडं थोडं बाहेर आलं.
बाप घंटा ओतायच्या भट्टीवर, याचा कान तिथंच गेला.
संगीतशाळेनं दोनदा काढलं.
एकदा डोंगरातल्या झोपडीत त्यानं पियानो ठेवला,
झाकण उघडं, छपराला भोक,
आणि सबंध हिवाळा तारांवर बर्फ पडू दिला.
पॅरिसात लोक तिकीट काढून ते चार तास ऐकायला बसले.
"मग शेवटी?" अब्बा.
शेवटी अकरा माणसं उरली, त्यातली दोन झोपलेली.
"मग बरोबर आहे," अब्बा म्हणाले,
"उरुसात पहाटेला आमच्याकडंही तेवढीच उरतात."

त्यांच्याकडं व्हायोलिनच्या पोटात एक काडी असते,
करंगळीहून बारीक, चिकटवलेली नाही,
नुसती दाबानं उभी.
तिला ते आत्मा म्हणतात.
हे सांगितलं तेव्हा अब्बांनी हातातलं खाली ठेवलं.
मग तारेखाली, घोडीवर, एक सुताचा दोरा सरकवला,
केसभर मागं, केसभर पुढं,
आणि बसका तंबोरा एकदम मोहोळासारखा उठला.
"याला जीव म्हणतात. पोरी, सांग त्याला."
मी सांगितलं.
दोघं बराच वेळ काही बोलले नाहीत.
दुभाष्याचं काम उरलं नव्हतं, मी दूध आणायला गेले.

त्याला हवं होतं ते असं:
अब्बांनी चारही जीव हळूहळू काढून घ्यायचे
आणि त्यानं ते टेपवर धरायचं.
दोन दिवस अब्बा नाही म्हणाले.
हे काम माणसाचं नाही, म्हणाले.
तिसऱ्या दिवशी, गल्लीत वीज गेलेली,
बॅटरीवर चालणारं त्याचं यंत्र तेवढं लुकलुकत होतं,
अब्बांनी स्वतःच तंबोरा मांडीवर घेतला, भिंतीकडं तोंड केलं.
काय झालं ते मी ऐकलं. लिहिता येत नाही.
खर्ज सगळ्यात शेवटी गेला एवढं आठवतं,
आणि सुरेलनं आपला चांगला कान हातानं झाकून घेतला होता.

सहा वर्षांनी त्याच्या बहिणीचं पाकीट आलं.
तो गेला होता. आत एकच कागद.
सूर नाहीत, मात्रा नाहीत, चार आडव्या रेघा,
शेजारी लहान मुलाच्या अक्षरात, देवनागरीत: जीव.
खाली सूचना.
जीव लावावा. नंतर हात लावू नये.
दमट हवा, उंदीर, शेजारचा हातोडा, सगळं चालेल.
सूत कुजेपर्यंत वाजवावे.

तुणीच्या लाकडाचा एक तंबोरा तेव्हापासून दाराशी लटकतोय.
सांगलीची, पुण्याची गिऱ्हाइकं किंमत विचारतात.
विकायचा नाही, मी म्हणते, चालू आहे.
ऑगस्टात कृष्णा फुगली की गल्लीत ओल चढते,
जोडाची एक तार सैल पडते,
कुणी चपला काढताना धक्का लागला की
काहीतरी म्हणते, पूर्वी म्हटलं नव्हतं असं.

अब्बा आता ऐंशीचे. कानात मशीन.
येता-जाता त्यांचा हात आपसूक तिकडं जातो,
बोट दोऱ्यापर्यंत पोचतं,
थांबतं,
आणि डोक्यावरची टोपी नीट करतं.