मढ्याचं काम

(एल्स्ट्री, हिवाळा १९३०)

दिवसा माझा खून इंग्रजीत होतो,
रात्री फ्रेंचमध्ये.
गालिचा तोच. सुरा तोच, फक्त मधे पुसलेला.
खडूची आखणीही पुसत नाहीत,
मी पुन्हा तंतोतंत तसाच पडावा म्हणून.

बाकी सगळे बदलतात.
सहाच्या ठोक्याला पेनफोल्डसाहेब मिशी उतरवून घरी जातात
आणि पॅरिसहून आलेला वेर्दिए
त्यांचाच कोट चढवतो, खांद्यात जरा ढगळ.
इन्स्पेक्टर दुसरा, विधवा दुसरी,
मोलकरणीची किंकाळीसुद्धा बोटीतून आणलेली.
मला ठेवलं.
मढ्याला कुठली आलीय भाषा, म्हणाले,
आणि एका पगारात दोन मरणं
मीही कबूल केली.

पेनफोल्ड मारतो ते हिशेब चुकता केल्यासारखं.
रुमाल काढतो, बोटं पुसतो,
हवेबद्दल काहीतरी बोलतो.
वेर्दिए मात्र गुडघ्यांवर येतो,
माझ्या कानाशी लांबलचक पुटपुटत राहतो.
कागदावर यातलं काहीच नाही, मिस ट्रेडगोल्ड म्हणते,
आणि कागद तीच सांभाळते.
मला एक अक्षर कळत नाही.
मानेवर कधी ऊन ऊन थेंब पडतो,
घाम की काय, देव जाणे.

मायक्रोफोन फुलदाणीत, डोक्यापासून हातभर.
काचेच्या खोलीतून हार्बॉटल ओरडतो:
कुणीतरी घरघरतंय!
दिवे विझवून पाहिले, मोटर तपासली,
कॅमेऱ्याच्या पेटीला आणखी एक रजई गुंडाळली.
मी गप्प.
सतरा वर्षं ऱ्होंडाच्या खाणीत काढली.
कोळसा वर पाठवला, थोडा छातीत राहिला,
तो अजून वेल्शच बोलतो.
शाळेतल्या छडीलाही
त्याला इंग्रजी शिकवता आली नसती.

श्वास रोखतो. मोजतो, घरच्या भाषेत,
ईन, दाय, त्री, पेद्वार...
वेर्दिएचं संपत नाही.
त्या रात्री चाळीसपर्यंत पोचलो
आणि मग निसटलाच.

कुणी थांबवलं नाही.
पहाटेचे चार, फिल्म महाग,
फ्रेंच मंडळींना सकाळची बोट गाठायची.
हार्बॉटलने माझ्याकडे एकदा बघितलं
आणि डबा बंद करून वर चिठ्ठी चिकटवली.

बायकोला कळवलं:
फ्रेंचमध्ये मी किंचित जिवंत आहे.
तिचं उलट टपाली पत्र,
छातीला तेल चोळतोस ना?