रेडा पाणी पितो

मांडवीच्या मधोमध, जिथून दोन्ही काठ सारखेच लांब,
फोंडूमामा वल्हं उचलून धरायचा.
थेंब ठिबकायचे.
"बघा," म्हणायचा, "आता."
आणि डोंगर डोंगर राहायचा नाही.

गुडघे टेकलेले, जांभ्या दगडाची रुंद पाठ,
शिंगं माडांत गुंतलेली,
नाकपुडीच्या जागी ते आरपार भोक.
भरतीला पाणी त्यातून आत शिरायचं,
ओहोटीला फुसकन बाहेर.
होडीतल्या कोंबड्यासुद्धा गप्प व्हायच्या,
म्हापशाच्या बाजाराला निघालेल्या,
पाय बांधलेल्या.

देवचाराने वेसण घातली, त्याचं ते भोक:
हे आमच्या काठावर.
राखणदार रात्रभर कातळावर फिरतो, वहाणा झिजवतो.
बाबांनी वाहिलेला कोरा जोड
वर्षाने टाच गेलेला मी हातात धरलाय.
पलीकडे, कपेलाच्या बाजूला, इनास पोदेर सांगे,
सायबिणीचं तारू वादळात इथे बांधलं होतं,
दोर ओढून ओढून दगड आरपार कापला.
फोंडूमामा दोघांनाही मान डोलवायचा.
उतारू म्हणजे उतारू.

त्याची स्वतःची गोष्ट फक्त रिकाम्या होडीत.
शाळा चुकवून मी एकटाच होतो, म्हणून ऐकली:
रेडा कुणाचाच नव्हे.
घाटावरून उतरला, पैलतीरी जायला निघाला,
तहान लागली म्हणून वाकला.
पिऊन झालं की जाईल.
"कुठे?"
"मला काय सांगून जाणार आहे?"

गेल्या मे महिन्यात पूल झाला.
स्कूटरने चोपन्न सेकंद. मोजले मी.
वरून नुसतं रान दिसतं, काजूचं,
आणि जिथे डावं शिंग हवं
तिथे मोबाइलचा टॉवर.
पंचायतीने पाटी लावली आहे, बाणासकट: रेडा पॉइंट.
लोक थांबतात, बाणाच्या दिशेने बघतात,
मग पाटीचाच फोटो काढतात.

माझ्या मुलाने कठड्याच्या गजांतून डोकं घातलं.
"रेडा खंय?"
मागे टिपर हॉर्न देत होता.
मी म्हटलं, इथून नाही रे, खालून,
पाण्याच्या जवळून, अर्ध्या वाटेवरून.
"मग इथे पाटी का?"

फोंडूमामा पुलाखाली, पालथ्या होडीच्या सावलीत
जाळं विणतो. डोंगराकडे पाठ करून.
विचारलं तर सुई दातांत धरतो.

काल ओहोटी होती.
रेमेजिना तिसरे काढत होती, कमरेइतक्या पाण्यात,
टोपली डोक्यावरच्या दोरीने ओढत.
मी वरून ओरडलो, दिसतो काय गो?
तिने चिखलाचा हात कपाळावर आडवा धरला.
बराच वेळ बघितलं.
"पियेता," म्हणाली,
आणि पुन्हा वाकली.