दुसऱ्या लॅपटॉपचं जागरण

मागच्या मंडईत, दंडार ऐन रंगात असताना
पडद्यावर आलं: अपडेट होत आहे, सत्तावीस टक्के.
बारा फुटी पडद्यावर ते चाक फिरत राहिलं
आणि खैरबोडीची, भोवतालच्या अकरा गावांची माणसं
नाचणाऱ्यांना सोडून टक्के पाहत बसली.
अठ्ठाविसाला कोणीतरी टाळी वाजवली.

लॅपटॉप माझा होता.

यंदा धान कापणीला यायच्या आधीच
मी झेरॉक्सच्या दुकानात पोरांना बसवलं, वही उघडली.
सांगा, काय काय मरू शकते?
लाइन, खेमराज म्हणाला.
मंगला म्हणाली, वायर; मागं तिच्यावर बैल उभा होता.
टिनू उईके बराच वेळ नखं खात बसला, मग म्हणाला,
मी. अडीचला मले झोप येते.
तिन्ही लिहून घेतलं.
टिनूचं सगळ्यात वर.

मग पडद्याकडे जायला दोन वाटा केल्या,
एक बांबूंवरून, एक बांधीच्या धुऱ्यानं, जुन्या पाइपातून.
साकोलीच्या बँकेनं भंगारात काढलेली बॅटरी आणली,
खेमराजचं जनरेटर पेट घेईपर्यंत
तिनं वीस मिनिटं तग धरायचा, एवढंच तिच्याकडं मागणं.
लॅपटॉप दोन. एक बोलणारा.
दुसरा तेच सगळं ओठ मिटून म्हणणारा,
नाटकातल्या प्रॉम्प्टरसारखा:
रात्रभर साऱ्यांचे संवाद त्याचे
आणि टाळी एकही नाही.
नेट तोडलं. मोबाईल पिशवीत, पिशवी खुंटीला.

दोघांच्या मधे एक डबी, डबीवर बटणं.
इंग्रजी अक्षरं खरवडून मी टिकल्या चिकटवल्या,
बारक्या लाल, हिरव्या, निळ्या,
आणि मधोमध मंगलाच्या आईची, रुपयाएवढी:
काहीच समजलं नाही तर ही दाब.
दाबली की येते आपली बोडी,
सकाळची, कडेला एक बगळा.
घाबरलेल्या माणसाला आणखी काय विचारायचं?

तालमीत मी न सांगता वायर उपटायची.
पहिल्या दिवशी एकोणीस सेकंद.
टिनू रडला एकदा. दुसऱ्या दिवशी पुन्हा उपटली.
पुंजणे लागेपर्यंत चारावर आलो.

मंडईच्या रात्री मी तिथं बसले नाही.
वहीच्या शेवटच्या पानावर तेच लिहिलं होतं:
मी नसणे.
लांब, बंडीवर, तणशीत, फगुजीबाबांच्या शेजारी
शाल पांघरून बसले, हात मांडीखाली दाबून.

दोन चाळीस.
पडद्यावर सोंगाड्याचा पाय वर गेला
आणि वरच राहिला.
ढोलकी चालू, पाय हवेत.
एक.
दोन.
तीन म्हणताना माझा एक पाय चाकावर उतरला होता.
चार.
बगळा.

बोडी, धुकं, कमळाची दोन पानं.
फगुजीबाबा डोळे बारीक करून म्हणाले,
"आपलीच बोडी होय ना वं बाई?"
हो बाबा.
"पानी कमी दिसते."
फोटो मे महिन्यातला आहे, म्हटलं.
"तरीबी," म्हणाले, आणि मग त्यांनी
कोणत्या साली किती पानी होतं ते सांगायला घेतलं.
मधेच कधीतरी पाय खाली आला,
दुसरा लॅपटॉप बोलू लागला होता,
मला तो नेमका क्षण दिसलाच नाही.

पहाटे विचारलं, टिनू, दाबली कोणी?
टिनूच्या गालावर केबलचा वळ उमटलेला.
मंगला तर कॅमेऱ्यावर होती.
चहाची किटली घेऊन तिची आई उभी:
"पोरगा झोपला, थो मानूस अधांतरी.
माही टिकली दिसली, दाबली."

मी वही काढली.
टिनूच्या जोडीला आणखी एक टिनू, लिहिलं.
खाली, बाबांच्या नावानं:
बगळ्याचा फोटो पुढल्या वर्षी नवा.
भरल्या पाण्यात काढायचा.